तिरक्या दाताची खूण

१

रविवार सकाळ म्हणजे ताईची जनावरांचं उष्टं शोधायची सकाळ, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. गावाबाहेरच्या टेकडीवर हौशी लोकांचा एक गट दर रविवारी चढायचा. जनावर दिसलं तर उत्तम, नाही दिसलं तरी तक्रार नाही. त्यानं काय खाल्लं, कसं खाल्लं, एवढं शोधायचं. कुरतडलेली बी, सोललेली साल, अर्धवट टाकलेलं फळ. त्याचा फोटो काढायचा आणि संकेतस्थळावर चढवायचा. तिथे बसलेले जाणकार मग सांगायचे, हा उंदीर, हा ससा, हे साळिंदर.

ताई आठवडाभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. सोमवार ते शनिवार माणसांचे दात आणि रविवारी जनावरांचे, म्हणून गटात तिचं नाव दातवाल्या ताई पडलं होतं. गटाचे प्रमुख जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे पट्टीमास्तर म्हणायचे. फोटोत खुणेशेजारी मोजपट्टी ठेवली नसेल तर ते तो फोटो हातातही घ्यायचे नाहीत. "माप नाही तर नोंद नाही," हे त्यांचं पालुपद. लोक मागून नक्कल करायचे, आणि मुकाट्यानं पट्टी खिशात ठेवायचे.

ताई टेकडीवर कशासाठी येते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी ते बोलायचं नाही. मागच्या हिवाळ्यात तिची आई मागच्या दारानं बाहेर पडली ती परत आलीच नाही. म्हातारीला विस्मरणाचा आजार होता. पोलीस आले, कुत्री आली, ओढ्याच्या काठी एक चप्पल सापडली, आणि हळूहळू शोध थांबला. ताईचा थांबला नाही. एकटी बाई झुडपं उलथत फिरली तर लोक वेडी म्हणतात. गळ्यात कॅमेरा असला की त्यालाच छंद म्हणतात.

२

त्या रविवारी ओढ्याच्या अलीकडे, तुतीच्या एका कोवळ्या झाडाची साल खाल्लेली दिसली. ताई गुडघ्यांवर बसली.

कुरतडणाऱ्या जनावराचे पुढचे दोनच दात उमटतात, बाजूबाजूला, छिन्नी मारल्यासारखे. इथे तसं नव्हतं. इथे अर्धगोल होता. सगळी पंक्ती उमटली होती, वरची आणि खालचीही, आणि वरच्या पंक्तीत मधल्या दातांशेजारचा एक दात जरासा वळलेला होता.

ताईनं तो दात ओळखला. ओळखणार नाही तर काय, तिनंच बसवला होता.

आईची कवळी करायची वेळ आली तेव्हा आईनं हट्ट धरला होता. "माझा हा दात जन्माचा तिरका. तसाच बसव. सरळ दात घेऊन वर गेले तर तुझे बाबा म्हणतील, ही कोण बाई आली." लॅबमधले सगळे हसले होते. सरळ दात तिरका बसवायला ताईला दुप्पट वेळ लागला, आणि आईनं आरशात पाहून मान डोलावली होती. "आता कुठेही ओळखशील मला."

तिनं बसल्या जागी फोटो काढला, परत एकदा काढला. मागून पट्टीमास्तरांचा आवाज आला.

"पट्टी ठेवलीत?"

"विसरले."

"ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले, आणि पुढे निघाले.

संध्याकाळी संकेतस्थळावर उत्तर आलं. साळिंदर असावं. माप नाही. नोंद अपूर्ण.

३

ताई काही खुळी नव्हती. सोमवारी लॅबमध्ये पोहोचेपर्यंत तिनं स्वतःला चांगलं फैलावर घेतलं होतं. माणसाला जे हवं तेच दिसतं. तिरके दात जगात काय एकट्या आईचे होते? आणि वर्षभर, थंडीत, पावसात, पायात एक चप्पल घालून ती जगली असेल?

पण आईच्या कवळीचा प्लास्टरचा साचा अजून तिच्या कप्प्यात होता. तिनं त्याचा फोटो काढला, संगणकावर सालीच्या फोटोवर ठेवला आणि कमीजास्त करत मापात बसवला. बसला. नुसता तिरका दात नाही, सगळी पंक्तीच बसली. मागच्या एका दाढेचा कोपरा आईच्या हिरडीला टोचायचा म्हणून ताईनं घासला होता. सालीवर तिथेच, तेवढीच फट होती.

तिनं भावाला फोन केला. तो शनिवारी येऊन आईची खोली रिकामी करणार होता, त्याच्या मुलीला इथे नोकरी लागली होती, तिला राहायला खोली हवी होती. यावरून बहीणभावांत चार शब्द झालेही होते. तो म्हणाला होता, "ताई, किती दिवस त्या खोलीला हात लावायचा नाही? आपणही माणसं आहोत." चूक तरी काय होतं त्याचं.

तो आला, आणि ताईनं त्याच्यासमोर दोन्ही फोटो ठेवले. त्यानं ते आळीपाळीनं पाहिले. मग उठून स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलापाशी गेला आणि कडेवरून अंगठा फिरवत राहिला. आजार वाढल्यावर आईला जे दिसेल ते चावायची सवय लागली होती. पांघरुणाचं टोक, चमच्याची दांडी, टेबलाची कड. त्या कडेवर तिचे दात अजून होते.

"ही आईच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पण ताई, झाडाची साल?"

"भूक लागल्यावर माणूस काय खात नाही?"

"तुला खात्री आहे ना? मला परत एकदा ते सगळं सोसायचं नाही. मी एकदा तिला मनातून पोहोचवून आलोय."

"माणूस खोटं बोलेल," ताई म्हणाली, "दात बोलत नाहीत."

हे वाक्य तिनं त्याला धीर द्यायला म्हटलं. पुढे ते तिच्याच गळ्याशी आलं.

४

मग खुणा सापडतच गेल्या. पण त्या सगळ्या ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर होत्या, आणि त्या बाजूला जायचा लाकडी पूल मागेच मोडला होता, वळसा फार लांबचा होता. ताई अलीकडच्या खडकावर उभी राहून कॅमेऱ्याला मोठं भिंग लावायची आणि झुडपांच्या वर दिसणारे बुंधे एकेक करून तपासायची. एकावर दिसली, मग दुसऱ्यावर. घरी येऊन ती प्रत्येक फोटो साच्याशी जुळवायची, आणि प्रत्येक जुळायचा. जुळला की तिला आईनं गालावर हात ठेवल्यासारखं वाटायचं.

नकाशावर खुणा टाकल्या तेव्हा दिसलं की त्या एका दिशेनं येत होत्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे तो उडी मारून ओलांडता येतो तिकडे, आणि तिथून गावाकडे. घराकडे.

पट्टीमास्तरांना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"ताई, आकार जुळतो म्हणता. माप?"

"आकार हुबेहूब आहे. मी हे काम उभा जन्म करतेय."

"पडद्यावर मांजर आणि वाघ सारखेच दिसतात हो. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "रविवारी आपण वळसा घालून पलीकडे जाऊ. मी येतो बरोबर. तोवर कोणाला काही सांगू नका."

सांगायचं ते सांगून झालं होतं. भाऊ सुट्टी काढून तिच्याकडे राहायला आला होता. खोली रिकामी करण्याऐवजी त्यानं ती झाडून पुसून ठेवली, पलंगावर धुतलेली चादर घातली. मागचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. पायरीवर तो एका मोठ्या वाटीत दुधात भिजवलेला पाव ठेवायचा, आईला शेवटी शेवटी तेवढंच लागायचं. वाटी रिकामी व्हायची. मांजरं असतील, ताई म्हणायची. "मांजर वाटी इतकी लख्ख करतं का?" भाऊ म्हणायचा, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायची. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसू आलं होतं.

एके दिवशी वाटीच गेली. भावाला त्यातही आनंदच झाला. "तिची सवयच होती, भांडं उचलून न्यायची."

त्याच दुपारी ताईनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला. आईची कवळी वरच्या हिरडीवर कधीच नीट बसली नाही, खाताना टक्‌ टक्‌ वाजायची. लहानपणी घड्याळाच्या आवाजाची सवय होते तशी घराला तिची सवय झाली होती. ताई कपडे वाळत घालत होती तेव्हा मागच्या कुंपणापलीकडून तसंच काहीतरी वाजलं. टक्‌. बऱ्याच वेळानं परत, टक्‌.

आवाज ओळखीचा होता. मधलं अंतर ओळखीचं नव्हतं. एक घास इतका वेळ चावायला घास केवढा लागेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं तो विचार चिमट्यासारखा दोरीला लावून टाकला. आवाज जरा वरून आल्यासारखा वाटला होता, पण वाऱ्यानं आवाज कुठूनही येतो.

५

रविवारी भाऊ घरीच थांबला. "आई आली आणि घरात कोणी नसलं तर?" ताईला ते पटलं. ती आणि पट्टीमास्तर भल्या सकाळी निघाली, लांबचा रस्ता धरून पलीकडच्या उतारावर पोहोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

वाटेत तुतीचं झाड लागलं होतं. पट्टीमास्तरांनी खुणेला पट्टी लावली आणि आकडा सांगितला. ताईला साच्याची मापं तोंडपाठ होती. बरोबर आईचं माप. "बघा," ती म्हणाली. पट्टीमास्तरांनी मान डोलावली. त्यांनाही बरं वाटल्यासारखं दिसलं.

पलीकडच्या उतारावर झुडपांतून वाट काढत ती पहिल्या बुंध्यापाशी आली. खूण डोळ्यांच्या उंचीवर असेल असं ताई धरून चालली होती. ती तिथे नव्हती. दोघांनी वर पाहिलं.

पट्टीमास्तर शेजारच्या खडकावर चढले, टाचा उंचावल्या, हात लांबवला. त्यांनी पट्टी खुणेत धरली आणि तशीच धरून राहिले.

"किती?" ताईनं विचारलं.

"तुम्हीच बघा."

पट्टी घासाच्या आत बसत होती. अख्खी. दोन्ही टोकांना जागा उरून. तिरका दात तिथेच होता, तोच, तसाच वळलेला, पट्टीमास्तरांच्या अंगठ्याहून रुंद. खाली घासलेल्या दाढेची फटही होती. काही चुकलं नव्हतं. सगळं हुबेहूब होतं.

"पुढचं बघू," पट्टीमास्तर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात मास्तरकी राहिली नव्हती.

पुढचा घास त्याहून वर होता, आणि त्याहून मोठा. त्याच्या पुढचा आणखी. नकाशावर ज्या क्रमानं खुणा घराकडे सरकत होत्या, त्याच क्रमानं त्या वाढत होत्या. कवळी वाढत नाही. ताईनं हजारो केल्या होत्या, कवळी झिजते, चिरते, हिरडी आटली की सैल होते. ती वाढत नाही. घरी संगणकावर बसून प्रत्येक फोटो तिनं स्वतःच्या हातानं लहान करत करत साच्यात बसवला होता, आणि किती लहान केला हे एकदाही पाहिलं नव्हतं.

ओढा ओलांडायच्या जागी, दगडांत, काहीतरी चकाकत होतं. पट्टीमास्तरांनी ते उचललं. ताईच्या पायरीवरून गेलेली वाटी होती, पापडासारखी चपटी झालेली, आणि पत्र्यावर एका ओळीत खड्डे पडले होते.

"ताई," पट्टीमास्तर म्हणाले, "घरी कोण आहे?"

६

फोन बराच वेळ वाजला. भावानं उचलला तेव्हा तो कुजबुजत होता.

"हळू बोल."

"दार लाव," ताई म्हणाली. "मागचं दार लाव आणि पुढच्या दारानं बाहेर ये. आत्ता."

"अगं, लावायचं काय? ती आलीये."

ताई चालता चालता थांबली.

"मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर खोलीचं दार लोटलेलं. आतून आवाज येतोय, ताई. तिच्या कवळीचा. तुला ऐकवू?"

"नको. ऐक माझं. तू तिला बघितलंस का?"

"नाही अजून. घाबरेल ती. खोलीत अंधार केलाय, खिडकी झाकली गेलीये कशानं तरी. पाव भिजत घातलाय, तो घेऊन जातो."

"जाऊ नकोस. मी चुकले. माप चुकलं माझं."

"कसलं माप?"

ती काय सांगणार होती? पलीकडे त्यानं फोन जरा दूर धरला असावा, कारण मधल्या शांततेत तिला स्पष्ट ऐकू आलं. टक्‌. मग इतका वेळ काहीच नाही की फोन बंद पडला असं वाटलं. मग, टक्‌. आणि त्याबरोबर काहीतरी लाकडी करकरलं, जड माणूस पलंगावर कूस बदलतो तसं.

"ऐकलंस?" भाऊ म्हणाला. "लवकर ये."

७

पट्टीमास्तर वयानं मागे पडले, ताई पळत राहिली. मागच्या गल्लीत शिरताना तिला मागच्या दाराची चौकट दिसली. वरच्या लाकडाचा घास गेला होता. आतलं पांढरं लाकूड ताजं होतं. तिनं तिथे थांबून माप घेतलं नाही.

स्वयंपाकघरात ऊन पडलं होतं. टेबल जागच्या जागी, ओट्यावर पावाचा पुडा उघडा, दुधाचं पातेलं अजून कोमट. आईच्या खोलीपाशी भाऊ पाठमोरा उभा होता, एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात चमचा. दार वीतभर उघडं होतं आणि आत अंधार होता, भरदुपारी.

"चल," ताई म्हणाली. तिनं त्याचा दंड धरला. "चल माझ्याबरोबर बाहेर."

"आत्ताच तर आलीये."

"ती नाहीये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. समजूत काढतात तसं पाहिलं. "तूच म्हणालीस ना. माणूस खोटं बोलेल, दात बोलत नाहीत." त्यानं दार पायानं हळूच आणखी लोटलं. "मी तर तिला सोडून दिलं होतं. तूच परत आणलंस."

ताईनं त्याच्या सदऱ्याची मूठ आवळली. आतून वास आला, ओल्या सालीचा, आणि त्याखाली आईच्या डोक्याच्या तेलाचा. वर्षभर तो वास ती उशीत शोधत होती.

उघडलेल्या दारातून उन्हाची एक पट्टी आत सरकली. आधी पलंगाची मोडलेली कड दिसली, मग धुतलेली चादर, आणि चादरीवर टेकलेलं काहीतरी फिकट, जे गुडघा असू शकत होतं. त्याच्यावर जिथे चेहरा असायला हवा तिथे काही नव्हतं. चेहरा आणखी वर होता, छताच्या कोपऱ्यात कसाबसा मावलेला.

भावानं चमचा पुढे केला. शेवटच्या दिवसांत दोघं आईला भरवायची तसाच. आणि तशीच, चमचा दिसला की आई जशी शहाण्यासारखी तोंड उघडायची, तसं वर तोंड उघडलं. उघडतच गेलं.

त्यात तिरका दात होता. ताईनं बसवलेला, जराही हललेला नव्हता.

"आईच ना गं?" भाऊ म्हणाला. तो ढसाढसा रडत होता आणि हसतही होता. "ताई, सांग ना. आईच ना?"

ती वरून खाली वाकत होती, हळूहळू, चमच्याकडे. ताईच्या मुठीत त्याचा सदरा होता, आणि तो ओढून घ्यायला एक शब्द पुरला असता. नाही, एवढंच म्हणायचं होतं. तिची उभ्या जन्मात कधी दात ओळखण्यात चूक झाली नव्हती.

"हो," ती म्हणाली.